पडताळणी व्हावी, माझ्यासकट

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्यापासून आमच्याकडे सगळ्यात बारकाईने वाचली जाणारी यादी म्हणजे विशेष संवर्ग भाग-१. या यादीत नाव असलं की बदलीला नकार देता येतो किंवा हवी ती शाळा इतरांच्या आधी मागता येते. विधवा, परित्यक्ता, गंभीर आजाराचे रुग्ण, दिव्यांग मुलांचे पालक असे बरेच जण त्यात येतात, पण सगळ्यांची नजर असते ती दिव्यांगांच्या रकान्यावर. माझं नाव त्यात पहिल्यापासून आहे. डाव्या पायाला पोलिओ, दिव्यांगत्व ४८ टक्के. सलवारखाली पायाच्या आधाराचा कॅलिपर दिसत नाही आणि सपाट जमिनीवर मी बऱ्यापैकी चालते. त्यामुळे नव्या शाळेत रुजू झाले की कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तुम्ही कशातून?”

एका बदलीच्या वर्षी हा रकाना अचानक फुगला. त्यातही कर्णबधिर आणि अल्पदृष्टी हे दोन प्रकार. मागच्या फेरीला ज्यांचं नाव सर्वसाधारण यादीत होतं, असे किती तरी जण आता ४१, ४२, ४३ टक्क्यांवर, म्हणजे सवलतीला लागणाऱ्या ४० च्या जरासे वर होते. रस्त्यालगतच्या, दोन बसच्या अंतरातल्या शाळा तालुक्यात मोजक्याच. त्या आधी यांनाच मिळाल्या. माझ्या ओळखीच्या एका अल्पदृष्टी बाईंना ओढ्यापलीकडची वस्तीशाळा मिळाली. त्यांचा दृष्टिदोष लहानपणापासूनचा आणि त्यांचं प्रमाणपत्र माझ्यापेक्षाही जुनं. पावसाळ्यात तिथे धडधाकट माणूसही पाय जपून टाकतो.

शाळाशाळांतून कुजबुज सुरू झाली. अमुक सर बहिरे, मग मोबाइलवर तासन्‌तास कसे बोलतात? तमुक मॅडमना दिसत नाही, मग स्कूटी कशी चालवतात? ही कुजबुज मला पहिल्यापासून पटली नाही, आणि त्याचं कारण साधूपणा नाही. याच नजरेने लोक माझ्याकडे बघतात. श्रवणयंत्र लावून माणूस फोनवर बोलू शकतो. ऐकू न येणाऱ्याला वाहन परवाना मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. त्यातले सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार हे स्टाफरूममध्ये बसून कुणालाही दिसणार नाहीत. उलटही आहे. आमच्या शाळा-केंद्रातल्या एका सरांचा एक डोळा लहानपणी विटीदांडू खेळताना गेला. तो सगळ्यांना दिसतो, पण दुसरा डोळा चांगला असेल तर नियमाने ३० टक्केच मिळतात. सवलतींसाठी ४० लागतात. ते सर कधी रांगेत उभेही राहिले नाहीत. म्हणजे ज्याचं दिव्यांगत्व दिसतं तो यादीबाहेर, आणि ज्याचं दिसत नाही तो खोटाच असेल असंही नाही. डोळ्यांनी केलेली पारख इथे कामाची नाही.

कागदाची पारख मात्र करता येते. ती मला शिकवली आमच्या दिव्यांग संघटनेतल्या अण्णांनी. जन्मभर आस्थापना शाखेत लिपिक म्हणून काम केलेला माणूस. ते म्हणाले, “मॅडम, माणूस बघू नका, दिनांक बघा. आणि दिनांक बघून लगेच ओरडू नका.”

दिनांक बघायचा म्हणजे प्रमाणपत्र कधी निघालं ते. नोकरीला लागताना धडधाकट असलेला माणूस पुढे दिव्यांग होऊ शकतो. कायद्याचं कलम २०(४) तर अशा माणसाला नोकरीवरून काढता येणार नाही, त्याचा दर्जा कमी करता येणार नाही असं सांगतं. त्यामुळे उशिरा निघालेलं प्रमाणपत्र हा काही पुरावा होत नाही. पण बदलीचं पोर्टल उघडण्याच्या तोंडावर, एकाच तालुक्यातले, एकाच प्रकारचे, ४० टक्के जेमतेम ओलांडलेले असे बरेच निघाले तर प्रश्न विचारायला जागा आहे. दुसरं बघायचं ते ठिकाण. अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे करायचा असतो. राहायला एकीकडे, नोकरी तिथेच, आणि प्रमाणपत्र तिसऱ्याच जिल्ह्यातलं असेल तर उपचाराचे कागद कुठे आहेत हे विचारता येतं. तिसरं, नोंद. पूर्वी प्रमाणपत्रं हाताने लिहिलेली असत. पुढे महाराष्ट्रात एसएडीएम नावाची संगणक प्रणाली आली आणि आता केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे कार्ड निघतं, १८ अंकाक्षरांचा क्रमांक असलेलं. जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र असणारे कितीतरी खरे लोक खेड्यापाड्यांत आहेत, कार्ड काढायला जाणं त्यांना जमलेलं नाही. पण दरमहा पगार घेणारा, पोर्टलवर बदलीचा अर्ज सफाईने भरणारा माणूस यूडीआयडीच्या नावाने टाळाटाळ करत असेल, तर तो का करतो?

अण्णांची चौथी खूण मला सगळ्यात आवडली. खरा दिव्यांग कर्मचारी मिळणारं सगळं मागतो, कारण ते त्याच्या हक्काचं असतं: वाढीव वाहन भत्ता, व्यवसाय करातून सूट, आयकराच्या जुन्या करप्रणालीत दिव्यांगांची ७५ हजारांची वजावट, एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. यातलं काहीच न घेता जो फक्त बदलीपुरता दिव्यांग होतो, त्याच्या कागदाकडे दुसऱ्यांदा बघावं. हाही पुरावा नाहीच, पण बघायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

मी आधी माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, कारण आपल्या राज्याच्या नियमात तशी मर्यादा आहे. कुणाचं नाव घेतलं नाही. दिव्यांग म्हणून संवर्ग एकचा लाभ घेतलेल्या तालुक्यातल्या शिक्षकांच्या प्रमाणपत्राचा दिनांक, देणारं रुग्णालय आणि यूडीआयडी आहे की नाही, एवढंच मागितलं. आजार काय, टक्के किती, हे मुद्दाम मागितलं नाही. तरी उत्तर आलं: वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ), सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालाचा हवाला. मला त्या उत्तराचा राग आला नाही. माझ्या पायाचे कागद कुणीही उठून मागावेत असं मलाही वाटत नाही. पण सरकारी सवलत कुठल्या कागदावर दिली, हा प्रश्न निव्वळ खासगी राहत नाही. पहिल्या अपिलात मी तेवढंच मांडलं. अपिलीय अधिकाऱ्यांनी नावं झाकून दिनांक, रुग्णालय आणि यूडीआयडीचा रकाना द्यायला सांगितला.

तो तक्ता हातात आला आणि अण्णांनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. बरीचशी प्रमाणपत्रं एकाच रुग्णालयाची होती आणि ते रुग्णालय आमच्या जिल्ह्यातलं नव्हतं. दिनांक एकमेकांना चिकटून होते. त्यातल्या बहुतेकांपुढे यूडीआयडीच्या रकान्यात ‘नाही’ होतं.

तक्रार लिहायला बसलो तेव्हा माझा पहिला मसुदा चांगला तिखट झाला होता. अण्णांनी त्यातली विशेषणं एकेक करून काढली. आपण डॉक्टर नाही, तेव्हा अमुक माणूस दिव्यांग नाही असं आपण म्हणायचं नाही. अमुक तक्त्यात अमुक विसंगती दिसते, सबब सक्षम वैद्यकीय मंडळाकडून फेरतपासणी व्हावी, एवढंच म्हणायचं. दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ चा उल्लेख ठेवला: दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवून घेणाऱ्याला किंवा तसा प्रयत्न करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ‘फेरतपासणीत तथ्य आढळल्यास’ या शब्दांच्या मागे. आणि शेवटचं वाक्य मी घातलं. या यादीत माझंही नाव आहे, माझ्यासकट सगळ्यांची तपासणी करावी. अण्णा थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “हे ठेवा. हे वाक्य तुम्हाला वाचवेल.”

अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा शल्य चिकित्सक आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. निनावी पाठवावा असं घरच्यांचं म्हणणं होतं. सासूबाई तर म्हणाल्या, नोकरी करायची की उसाभर? पण निनावी अर्ज बहुतेक वेळा तसाच दप्तरी दाखल होतो. नाव-पत्ता लिहून, सही करून, योग्य मार्गाने म्हणजे मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत एक प्रत आणि थेट एक प्रत असा दिला. प्रत्येक ठिकाणी आपल्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतला. आवकच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, ठेवून जा, मारतो नंतर. मी तिथेच उभी राहिले. पाय दुखतो म्हटल्यावर त्याने शिक्का मारला. कधी कधी पाय असाही उपयोगी पडतो.

पुढचा काळ सांगण्यासारखा नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर, मग ‘अभिप्रायार्थ’ रुग्णालयाकडे, तिथून ‘यादी प्राप्त नाही’ म्हणून परत. स्मरणपत्रं. आयुक्तालयाने अर्ज जिल्हा परिषदेकडे कार्यवाहीसाठी पाठवल्याचं पत्र मात्र आलं, आणि पुढच्या प्रत्येक स्मरणपत्रात मी त्याचा जावक क्रमांक टाकत गेले. वरच्या कार्यालयाचा जावक क्रमांक दिसला की खालचं टेबल जरा लवकर हलतं.

माझ्या अर्जाची प्रत मात्र कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर लगेच फिरली. कार्यालयातून ती बाहेर कशी गेली, हे मी लेखी विचारलं, त्याला उत्तर नाही. मग काही जण बोलायचे थांबले. एका सरांनी उलट अर्ज केला की या बाई काठीशिवाय चालतात, यांचीच तपासणी करा. शिक्षण विभागातल्या एका साहेबांनी बोलावून तो वाचून दाखवला. मी म्हटलं, “साहेब, माझ्या अर्जाचं शेवटचं वाक्य बघा.” त्यांनी बघितलं आणि दोन्ही कागद एका टाचणीत लावले.

आमच्या अर्जाला खरी गती मिळाली ती बाहेरच्या घडामोडींमुळे. २०२३ साली बीड जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासणी होऊन निलंबनं झाली होती, ते सगळ्यांनी वाचलं होतं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण देशभर गाजलं. २०२५ मध्ये दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे आदेश राज्यभर निघाले. तेव्हा आमच्या जिल्ह्यातली फाईल तयारच होती, कारण ती फिरून फिरून जाड झाली होती. माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण यादी, तक्ता आणि पत्रव्यवहार कपाटातून शोधावा लागला नाही.

तपासणीच्या दिवशी मंडळ पहिल्या मजल्यावर बसलं होतं आणि लिफ्ट बंद होती. दिव्यांगांची तपासणी आणि जिना. यावर आणखी काही लिहीत नाही.

माझी तपासणी साधी होती. दोन्ही पायांची लांबी, मांडी-पोटरीचा घेर, स्नायूंची ताकद, कॅलिपर काढून चार पावलं. पोलिओ झालेल्या पायाचा घेर टेप लावला की कळतो, त्यात अभिनयाला जागा नाही. ४८ चे ४८ राहिले. रांगेत माझ्या पुढेमागे श्रवणाचे बरेच जण होते आणि तिथल्या एका ऑडिओलॉजिस्ट ताईंशी ओळख झाली. त्यांनी जे समजावलं त्याने मला बदलीच्या यादीतलं ते ‘४२ टक्के’ पहिल्यांदा नीट कळलं.

कानाची नेहमीची तपासणी म्हणजे प्युअर टोन ऑडिओमेट्री. कानावर हेडफोन, हातात बटण. ५००, १०००, २०००, ४००० हर्ट्‌झचे स्वर कमी-जास्त आवाजात वाजतात; ऐकू आला की बटण दाबायचं. कायद्याने दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तोटा असेल तर ऐकण्यास कठीण, ७० च्या पुढे बधिर. पण बटण दाबणं माणसाच्या हातात आहे. न दाबलं तर कान गेला. म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा घेतात. खोटं बोलणाऱ्याला आपण मागच्या वेळी कुठल्या आवाजाला गप्प बसलो होतो ते आठवत नाही, त्याचे आकडे उड्या मारतात. ज्याला खरंच ऐकू येत नाही त्याचे जवळपास तेच येतात. तरी शंका राहिली तर बेरा. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक सोडतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतून उमटणाऱ्या लहरी यंत्र टिपून घेतं. इथे माणसाला काही विचारतच नाहीत. झोपला तरी चालतो, उलट बरंच. ताई म्हणाल्या, “आमच्याकडे बेरा लावतो म्हटलं की काही जणांना आधीच ऐकू यायला लागतं.”

आणि झालंही तसंच. यादीतले काही जण तपासणीला आलेच नाहीत, वैद्यकीय रजेवर गेले. काहींनी तपासणीआधीच अर्ज दिला की आम्हाला ही सवलत यापुढे नको. ‘यापुढे नको’ म्हटल्याने आधी घेतलेल्या शाळा परत होतात का, हा प्रश्न मी लेखी विचारला आहे. ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त कुजबुज होती त्या सरांचा तोटा ४० टक्क्यांच्या बराच खाली निघाला. त्यांना कारणे दाखवा नोटीस, मग निलंबन, विभागीय चौकशी. ते न्यायालयात गेले आहेत आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

मात्र स्कूटी चालवतात म्हणून ज्या मॅडमबद्दल तेवढ्याच खात्रीने कुजबुज होती, त्यांचं दिव्यांगत्व खरं निघालं. त्यांची नजर समोर ठीक होती. बाजूचं दृष्टिक्षेत्र आक्रसलेलं होतं, आणि अल्पदृष्टीत तेही मोजलं जातं. स्कूटी त्यांनी केव्हाच सोडली होती, मागे बसून यायच्या. लोकांनी पुढे कोण बसलंय ते बघितलंच नव्हतं.

आणखी दोघांचं सांगायला हवं, कारण या तपासणीची किंमत त्यांनी मोजली. एका सरांना मानसिक आजार आहे. बरीच वर्षं औषधावर नीट शिकवतात. यादीच्या खटपटीत त्यांच्या प्रकाराचं नाव शाळेत कळलं, आणि एका पालकाने मुलाची तुकडी बदलून मागितली. माझ्या अर्जात मी प्रकार मागितला नव्हता, तो पडताळणीच्या पत्रात तालुक्याने उघडा छापला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पत्रात एक ओळ असते: वैद्यकीय तपशील बंद लिफाफ्यात पाठवावा. नावासमोर आजार छापलेली यादी कुठल्याही नोटीस बोर्डावर दिसली तर त्यावरही तक्रार करावी, बोगस प्रमाणपत्राइतक्याच जोराने.

दुसरे अपघातात खांदा निकामी झालेले. ४५ टक्के होते, नव्या मंडळाने ३८ दिले. मूल्यमापनाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना २०१८ च्या होत्या, २०२४ मध्ये सुधारित आल्या. शिवाय दोन डॉक्टरांच्या हातातला कोनमापक दोन अंश इकडेतिकडे होतो. खांदा तोच आहे, वर जात नाही तो नाहीच. पण आता त्यांचं नाव ‘४० पेक्षा कमी’ या मथळ्याखाली त्याच कागदावर आलं, ज्यावर बटण न दाबणारे आहेत, आणि नोटीसही तीच, शब्दसुद्धा तेच. कमी भरणं आणि फसवणं यांत फरक आहे. फसवण्याला हेतू लागतो. कलम ९१ मध्ये ‘फसवून’ हा शब्द आहेच. जिल्हा परिषदेने मात्र सगळ्यांना एकच साचा लावला.

प्रमाणपत्रं देणाऱ्यांचं काय, हा प्रश्न अजून तसाच आहे. सही तीन डॉक्टरांची, शिक्का रुग्णालयाचा, मध्ये कुणी दलाल असेल तर तोही. निलंबित झाले ते फक्त शिक्षक. त्या रुग्णालयातल्या मंडळाच्या त्या काळातल्या नोंदवह्या, ओपीडीचे कागद आणि ऑडिओमेट्रीचे आलेख जपून ठेवावेत आणि तपासावेत, असा स्वतंत्र अर्ज दिला आहे. जपून ठेवावेत हे आधी लिहिलं, कारण जुने कागद उंदीर आणि पाऊस दोघांनाही आवडतात. त्या अर्जाची पोच आहे, उत्तर नाही.

सध्या अण्णा आणि मी खांदेवाल्या सरांचं दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ खालचं अपील लिहितो आहोत. अपघाताच्या वेळचे एक्स-रे सापडले, शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. फिजिओथेरपीच्या नोंदी त्यांच्या बायकोने एका पिशवीत ठेवल्या होत्या, त्या तारखेप्रमाणे लावायच्या आहेत. उलट अर्ज करणारे सर परवा भेटले. म्हणाले, मॅडम, आता तुम्ही कमी टक्केवाल्यांच्या बाजूने? मी त्यांना डिस्चार्ज कार्डाचा दिनांक वाचून दाखवला.